इंदुबाईंची दही-साखर

परीक्षेच्या नियमांत एक ओळ ठळक अक्षरांत होती. परीक्षार्थीशिवाय दुसरी व्यक्ती कॅमेऱ्यात दिसली, तर पेपर तिथेच बंद होईल. सुहानाने ती ओळ अम्मीला वाचून दाखवली.

"कोणालाही आत सोडू नकोस. कोणालाही."

"नाही सोडत," अख्तरबानू म्हणाल्या आणि स्टूल घेऊन गॅलरीत दारापाशी बसल्या. मंडईजवळच्या त्या चाळीत त्यांची एकच खोली. तिचे अब्बा अमीन पहाटेच मंडईत केळ्यांच्या गाळ्यावर गेले होते.

बारावीनंतर कॉलेजची फी अमीनना झेपणारी नव्हती. मग सुहानानेच ऑनलाइन पदवीचं शोधून काढलं. फी आवाक्यातली, अभ्यास मोबाइलवर आणि दिवसभर नोकरी करायला मोकळीक. कोथरूडला वैजनाथ सरांच्या हिशेबतपासणीच्या ऑफिसात ती तात्पुरती लागली. सर तिला कायम करणार होते, पदवी हातात आली की.

"जूनअखेर निकाल आणा," ते म्हणाले होते. "नंतर ती खुर्ची मी धरून ठेवणार नाही. मी काही बसमध्ये रुमाल टाकून बसलेलो नाही."

हा शेवटचा पेपर होता. आधीचे सगळे तिने सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या केबिनमध्ये बसून दिले होते. या वेळी तिथे रंगकाम निघालं. सरांनी ऑफिसचा लॅपटॉप घरी नेऊ दिला.

समोरच्या खोलीत इंदुबाई राहत. मजल्यावरचं कोणतंही पोर परीक्षेला निघालं की त्यांच्या दारात थांबायचं, उजवा हात पुढे करायचं आणि चमचाभर दही-साखर चाटून जिना उतरायचं. सुहानाने शाळेपासून एकही पेपर त्याशिवाय दिला नव्हता. आज इंदुबाई वाटी घेऊन सकाळपासून वाट पाहत होत्या. सुहाना काही बाहेर पडली नाही.

"अगं अख्तर, पोरगी निघाली नाही अजून? का निकाल लागल्यावरच जाणार आहे?"

"पेपर घरातच आहे आज. सुरूही झाला."

"सुरू झाला? आणि तशीच बसली ती?"

अख्तरबानूंनी तोवर गॅस सिलिंडरवाल्याला खाली थांबवलं होतं, सख्ख्या नणंदेला जिन्यावरून परत पाठवलं होतं. आता त्या उठल्या आणि स्टूल बाजूला घेतलं.

सुहाना घसाऱ्याच्या गणितात होती. डावीकडून चमचा आला. तिने उजवा हात पुढे केला, चाटला आणि मग तिला कळलं.

"आता लिही बिनधास्त," इंदुबाई म्हणाल्या आणि पाठ थोपटून गेल्या.

लॅपटॉपचा पडदा पांढरा झाला होता. त्यावर दोनच शब्द होते: परीक्षा समाप्त.

"कोणाला सोडू नको म्हटलं होतं ना!"

"मी कुठे कोणाला सोडलं?" अख्तरबानू म्हणाल्या. "इंदुबाई होत्या." आपलं काय चुकलं हे त्यांना खरंच कळेना.

विद्यापीठाचं कार्यालय कोथरूडलाच होतं, एका क्लासच्या वरच्या फ्लॅटमध्ये. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ताई, हे ऑनलाइन विद्यापीठ आहे. तुम्ही इथे कशाला आलात?"

तिने तक्रार ऑनलाइन केली. कारणांत वीज, इंटरनेट, आजारपण आणि इतर होतं. 'इतर'वर टिचकी मारून तिने परीक्षेला निघताना हातावर दही-साखर का देतात ते लिहिलं. उत्तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात आलं. चित्रीकरण तपासले. दुसरी व्यक्ती दिसते. परीक्षार्थीने तिच्याकडून पदार्थ घेऊन तोंडात घातला. निर्णय कायम. पुढील परीक्षा एक वर्षानंतर.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

वैजनाथ सरांनी ते मोबाइलवर दोनदा वाचलं. "कॉलेजात असता तर शिपायाने फाटकावरच अडवलं असतं तुमच्या इंदुबाईंना," ते म्हणाले. "तिथली फी त्या फाटकाचीही असते." मग मोबाइल परत देत म्हणाले, "सोमवारपासून नवीन मुलगी येतेय. तिला फायली तेवढ्या समजावून द्या."

सुहानाने समजावून दिल्या. लॅपटॉप पुसून परत केला.

घरी कोणीच इंदुबाईंना काही सांगितलं नाही. अमीन म्हणाले, त्यांना या वयात कशाला. आता सुहाना सकाळी अब्बांबरोबर गाळ्यावर जाते. एकदा गॅलरीत इंदुबाईंनी तिला थांबवलं.

"निकाल कधी गं?"

"यायचाय, मावशी."

"येईल. पण त्या दिवशी मला उशीर झाला, ते बरं नाही झालं. पुढच्या परीक्षेला आधी सांगत जा."

"सांगीन."

पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवायची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. तिने ते पान उघडलंही नव्हतं.