बंद घराचं उत्तर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जगभरची माणसं मोजायचे. परमुलखात कुठं शिरगणती निघाली की तिथलं सरकार यांना बोलावून घेई आणि हे बॅग भरून निघत. स्वतःचे मोजे ज्यांना कधी सापडले नाहीत, त्यांनी एका वाळवंटातले सगळे भटके लोक उंटांसकट मोजून दिले. उंट मोजायला कुणी सांगितलं नव्हतं, पण समोर उभे होते म्हटल्यावर भाऊजींना राहवेना.

घरी ते पाहुण्यासारखे येत आणि पाहुण्यासारखेच अवघडून बसत. अशाच एका मुक्कामात जेवताना त्यांच्या लेकीनं, बारकीनं, त्यांना विचारलं, "बाबा, मोजायला गेलं आणि घराला कुलूप असलं तर?"

"मोजणारा पुन्हा जातो."

"तरी कुलूप?"

"पुन्हा जातो. मग मात्र शेजारचं, तसंच दिसणारं घर बघायचं. त्यांनी जे सांगितलं तेच या घराचं उत्तर म्हणून लिहायचं."

ताई वाढता वाढता थांबली. "म्हणजे शेजारच्याची कॉपी."

"कॉपी नव्हे, शास्त्र आहे ते. जागा रिकामी सोडली तर बेरीज चुकते. भरली की एकंदरीत बरोबर येतं."

"आणि त्या कुलूपवाल्याला नंतर कुणी सांगतं का, की बाबा रे, तुझ्या नावावर आम्ही हे असं असं लिहिलंय?"

"छे! त्याला कशाला कळायला हवं?"

माझ्या बहिणीनं नवऱ्याचं बोलणं आयुष्यात इतकं मनावर कधी घेतलं नव्हतं.

त्यानंतर बारकीनं काहीही विचारलं की ताई म्हणे, "थांब, बाबांना विचारते." आतल्या खोलीत जाई, दार लोटून घेई, आणि जरा वेळानं बाहेर येऊन निकाल सांगे. "बाबा म्हणाले सहलीला जा, पण स्वेटर घे." "बाबा म्हणाले गणितात नापास झालीस तर झालीस, जेवून घे आधी." एकदा मी सहज दार ढकललं, तर बाईसाहेब चादरींच्या घड्या घालत होत्या.

"लागला का फोन?" मी विचारलं.

"लागला की."

फोन बाहेरच्या खोलीत होता. मी आत येईपर्यंत तो माझ्या कोपराशीच होता.

असं करता करता घरात एक दुसरेच बाबा तयार झाले. फार भला माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत, वाढदिवस विसरायचे नाहीत, आणि पोरीवर त्यांचा भारी विश्वास. खरं सांगतो, भाऊजींपेक्षा मला तेच जास्त आवडायचे. भाऊजी सुट्टीवर आले तरी या गृहस्थांच्या अब्रूला धक्का लागत नसे, कारण प्रवासानं दमलेले भाऊजी बहुतेक वेळ झोपलेले असत.

मग ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले, आणि पहिल्याच जेवणाला त्यांच्या पानात भोपळ्याचा डोंगर पडला.

"हे काय?"

"तुमचा जीव की प्राण ना!" ताई म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. बारकीनं भोपळा खावा म्हणून तिनं हे फार पूर्वी जाहीर करून टाकलं होतं. एकदा प्रसिद्ध झालेला आकडा मागे घ्यायची भाऊजींना सवय नव्हती. त्यांनी मुकाट्यानं खाल्ला. पुढंही खात राहिले.

भोपळ्याचं काही नाही, माणूस गिळतो. त्यांना खरी आस होती ती लेकीची. बारकीनं मधल्या काळात कॉलेज अर्धवट सोडून व्हायोलिनं दुरुस्त करायची विद्या घेतली होती आणि मागच्याच गल्लीत तिचं छोटं दुकान होतं. भाऊजी रोज सकाळी तिथं जाऊन स्टुलावर बसत. लाखो अनोळखी दारं वाजवून आत कोण कोण राहतं असं विचारणारा माणूस, पण या एका दाराशी त्यांच्या तोंडून प्रश्न फुटेना. ती सरस लावून लाकडं चिकटवण्यात बुडालेली, हे बघत बसलेले. दुपारी घरी येत ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"आज बोलली माझ्याशी."

"काय म्हणाली?" ताई विचारे.

"'पाय जरा बाजूला घ्या' म्हणाली."

असे दिवस चालले असताना एका संध्याकाळी बारकी दुकान लवकर बंद करून घरी आली. मी चहाला होतोच. मी बहुधा चहाला असतोच. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्याचं तिला बोलावणं आलं होतं. तिथं जुनी, नामांकित वाद्यं दुरुस्तीला येतात. काम कायमचं.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

"थांब, बाबांना विचा..." ताई उठलीसुद्धा. मग तिच्या ध्यानात आलं की बाबा समोरच बशीत चहा ओतून बसलेत. ती तशीच खाली बसली.

"मी कॉलेज सोडायचं म्हटलं," बारकी वडिलांना म्हणाली, "तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत, 'जा, घर काही पळून जात नाही.' त्या एका वाक्याच्या जोरावर इथवर आले. आता काय म्हणता?"

भाऊजींनी ताईकडं पाहिलं. ताईनं कपाच्या कानाची बारकाईनं तपासणी सुरू केली. कॉलेजचं प्रकरण भाऊजींना कळलं होतं ते कित्येक महिन्यांनी, कुठल्याशा बेटांवर, आणि तेव्हा त्यांना चांगलाच धक्का बसला होता.

आता योग्य उत्तर काय, ते आम्हां सगळ्यांना पाठ होतं. त्या भल्या गृहस्थांनी डोळे मिटून दिलं असतं.

"अहो, सांगा ना," ताई म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे ते ठाऊकच आहे तिला."

भाऊजींनी बशी खाली ठेवली. "जाऊ नको," ते म्हणाले.

"का?"

"कारण असं काही नाही. मी आत्ताच तर आलोय."

"अहो, हे काय बोलणं!" ताई उसळली. "पोरीच्या वाटेत आडवं पडायचं? तुम्ही असे नव्हता!"

"तो असा नव्हता," भाऊजी म्हणाले. "तो 'जा' म्हणाला असता. चांगला माणूस आहे गं, माझी काही तक्रार नाही. त्याच्या वाटणीचा भोपळा खातोय मी. पण आज हिनं मला विचारलं."

बारकी हसली.

"आई, फोन बाहेरच्या खोलीत असायचा. आणि तू आतल्या खोलीत बाबांशी बोलायचीस. मी लहान होते, बावळट नव्हते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"स्वेटर घे म्हणणारे बाबा जगात कुठं असतात का गं?"

"मग मेले, मला सारखं विचारायला कशाला लावायचीस?"

"वाटायचं, एखाद वेळी खरंच विचारशील."

ताईनं पदर डोळ्यांशी नेला आणि चहा फार कडक झालाय असं जाहीर केलं.

"मग राहशील?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"नाही, बाबा. जाणार."

"मग माझं मत घेतलंस कशाला?"

"मला आजवर कुणी जाऊ नको म्हटलंच नाही. या घरात जो तो नुसत्या परवानग्या देतो."

निघायच्या आदल्या दिवशी खोकी बांधायला म्हणून मी दुकानात गेलो. भिंतीवरची व्हायोलिनं उतरली होती आणि त्यांच्या जागी फिकट डाग तेवढे उरले होते. बारकी जमिनीवर मांडी घालून एकेक हत्यार चिंध्यांत गुंडाळत होती. भाऊजी स्टुलावर नव्हते. तिच्यासमोर खालीच बसले होते, गुडघे दुखत असताना.

"पुन्हा म्हणा ना, बाबा."

"काय?"

"तेच."

"जाऊ नको."

"हं. तो छोटा रंधा द्या."

त्यांनी दिला. तिनं गुंडाळला, दोरा बांधला, खोक्यात ठेवला.

"जाऊ नको," भाऊजी म्हणाले, आणि तिनं मागायच्या आधीच पुढची पटाशी तिच्या हातात दिली.