सकाळचा पहिला फोटो

मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढते. चेहऱ्याचे नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. दिवसभर एकच पाढा: हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, पापणी मिटू नका. लोक नेमकी तेव्हाच मिटतात. मग मी खेकसते.

पहिला फोटो मात्र रोज माझाच. मशीन नीट चालतंय का हे बघायला कुणाचा तरी डोळा लागतो, आणि त्या वेळी तिथे मी आणि झाडूवाली मावशी दोघीच असतो. मावशी मशीनच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. नाव-वय घातल्याशिवाय मशीन फोटो घेत नाही, म्हणून ते नवं आलं तेव्हा मी आईचं घातलं. ती नुकतीच गेली होती. तिचं नाव रोज कुठेतरी उमटावं असं वाटायचं.

आईचा पडदा मधोमध झिजला होता. तिला दाराची चौकट दिसायची, पण दारात उभी असलेली मी दिसायची नाही. तिचं सगळं मीच केलं, आणि वैतागलेही मीच.

गेल्या आठवड्यात माझ्या फोटोत मधोमध पिवळे ठिपके दिसले, आईला सुरुवातीला होते तसेच. काच पुसली, पुन्हा काढला. ठिपके तिथेच. दुसरा डोळा लावला, त्यातही तेच. असे फोटो मी चहा पिता पिता बघते. त्या दिवशी चहा गार झाला. आईला मी होते, मला कोण आहे, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

रोज संध्याकाळी मी माझा फोटो पुसून टाकते, तेही त्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांनी फोटोवरचं आडनाव वाचलं होतं.

"या तुमच्या आई ना?"

मी नुसती मान हलवली.

"सुरुवात आहे, घाबरू नका. वेळच्या वेळी तपासत राहू. फक्त त्यांना एकटं ठेवू नका. घरी कोण असतं?"

"मी असते."

"मग प्रश्नच मिटला." त्यांना खरंच हायसं वाटलं. "सोमवारी घेऊन या त्यांना."

"आणते," म्हटलं आणि बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. आई गेली त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सोमवारी रजा टाकली आणि पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. मावशी दोनदा बघून गेली. डॉक्टर दारात आले.

"अरे, आई कुठे आहेत?"

शेजारच्या जागेवर मी पर्स ठेवली होती, कुणासाठी तरी जागा धरावी तशी. ती उचलून मांडीवर घेतली.

"आई नाहीये, डॉक्टर. फोटो माझा आहे," मी म्हटलं. "एकटीच आलेय."