सावळीरामचे दात

"पुढचे दोन दात काढून टाक, सावळीराम. कवळी बसव. नायतर क्लॅरोनेट खाली ठेव," बँडचे मालक गोरखशेठ म्हणाले आणि पान चघळत बसले.

नाशिकरोडच्या त्या पत्र्याच्या खोलीत सराव चालू होता, आणि सावळीरामने उंच सूर अर्ध्यातच सोडला होता. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांना टेकलं की सुराची थरथर दातांत शिरायची आणि कळ थेट मस्तकात जायची.

"दात माझे हायेत, शेठ."

"आन् बँड माझा हाय. चौदा एप्रिलला सूर तुटला तर लोक मला हसतील."

लोकांच्या वरातीत सावळीराम पोटासाठी वाजवी. जयंतीची मिरवणूक मात्र त्याची स्वतःची होती. बावीस वर्षं तो तिच्या पुढे चालत आला होता, आणि ती जागा दुसऱ्याला मिळणार या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दात दुखणाऱ्या माणसाला अख्खी गल्लीच डॉक्टर भेटते. कुणी लवंगेचं तेल दिलं, कुणी पेरूच्या पानांचा काढा, शेजारच्या चिमणाबाईंनी तुरटी. सावळीरामचा खरा भरवसा राखुंडीवर. गोवरीची राख, त्यात जाडं मीठ. दात दुखतात म्हणजे त्यात घाण असणार आणि घासली की ती जाणार, इतकं साधं त्याचं गणित. जितकं जास्त दुखे तितका तो जोर लावून घासे, सकाळ-संध्याकाळ. बायको, सिंधुबाई, शेवटी वैतागली आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी दातांवर वाऱ्याची फुंकर मारली, तसा तो खुर्चीतून उठायचाच बाकी राहिला.

"कशाने घासता?"

त्याने राखुंडीचं सगळं कौतुक सांगितलं. बाई शांतपणे ऐकत राहिल्या.

"दात किडलेले नाहीत. तुम्हीच घासून घासून झिजवलेत. वरचं कवच गेलंय, म्हणून वारा, गार काही लागलं की ठणकतात."

"मग काढायचे?"

"चांगले दात कशाला काढायचे? राखुंडी बंद. मऊ ब्रश, ही पेस्ट, हलका हात. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या चालतील, तेवढाच आराम. पण झीज त्याने भरून येत नाही. दीड-दोन महिने धीर धरा."

"तीनच आठवडे हायेत, बाई."

"दातांना जयंती कळत नाही हो," बाई म्हणाल्या.

त्याने राखुंडीचा डबा उकिरड्यावर उपडा केला. आणि दुसऱ्या दिवसापासून वरचा ओठ दातांवर दुमडून त्यावर क्लॅरोनेट धरायला लागला. पहिले चार दिवस बकरी ओरडल्यासारखा आवाज निघाला.

"बोळक्या म्हाताऱ्यावानी दिसतंय," सिंधुबाई म्हणाली.

"दिसू दे. आत बत्तीस हायेत."

ओठ सुजला, फुटला. भाकरी आमटीत कुस्करून खावी लागे. पण सूर हळूहळू सरळ झाला.

चौदा एप्रिलला भर उन्हात मिरवणूक निघाली. लाल कोट घालून सावळीराम सर्वांत पुढे होता आणि गोरखशेठ त्याच्या तोंडाकडे टक लावून चालले होते. चौकात त्याने तोच उंच सूर उचलला. लोक नाचायचे थांबले आणि ऐकत राहिले. सूर तुटला नाही. क्लॅरोनेटच्या तोंडाला मात्र रक्त लागलं होतं.

शाब्बास म्हणायची शेठना सवय नव्हती. त्यांनी चौकातल्या मांडवातून बर्फ घातलेल्या सरबताचा पेला आणून त्याच्या हातात दिला. बाकीच्यांनी आपापले पेले एका दमात रिकामे केले होते.

"पी लवकर. मिरवणूक खोळंबलीय."

"खोळंबू द्या, शेठ. बर्फ विरघळू द्या."

त्याने पेला दोन्ही तळव्यांत धरला. ढोल थांबले, झेंडे थांबले, शेठही थांबले. शेवटचा खडा विरघळला, तसं सावळीराम सावकाश सगळं सरबत प्यायला, कोटाच्या बाहीने ओठ टिपला आणि क्लॅरोनेट तोंडाला लावलं.