लीकच्या वाफ्याखालचं चेंबर

थेल्मा रॉबसन चिडली की भांडी घासायला घ्यायची, आणि त्या आठवड्यात तिच्या घरात घासायचं भांडं उरलं नव्हतं.

मागच्या अंगणात राल्फसाठी वाढीव खोली काढायची होती. पलंगापुरती जागा आणि लगत संडास-बाथरूम. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिचा हा नवरा हॉस्पिटलात पडून होता, आणि जिना चढणं त्याला आता जमणार नव्हतं. हॉस्पिटलवाल्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, खालच्या मजल्यावर सोय करा तर घरी सोडू, नाहीतर वृद्धाश्रमात जागा बघू. आणि खणायला घेतलं तर पलंग यायचा नेमक्या त्या जागी ड्रेनेजच्या चेंबरचं लोखंडी झाकण. झाकण काही आकाशातून पडलं नव्हतं. लग्न झाल्यापासून थेल्माने त्यावर मोठी कुंडी ठेवली होती, आणि कुंडीखालचं संकट दिसत नाही म्हणून ते नसतं असं मानायची सवय इंग्रजांच्या त्या अख्ख्या देशालाच आहे.

कंत्राटदार डेरेकला यात काहीच वावगं वाटलं नाही. वरून कोबा ओतू, फरशी बसवू, कुणाला कळतंय, असं त्याचं म्हणणं. निम्म्या गावाच्या स्वयंपाकघरांखाली असलीच झाकणं गाडलेली आहेत म्हणे.

"आणि तुंबलं की?" थेल्मा म्हणाली. "राल्फला पलंगासकट उचलून फरशी फोडणार का रे तू?"

डेरेकने चहाचा कप तोंडाला लावला.

लाइन एकट्या थेल्माची नव्हती, सगळ्या आळीची होती. त्यामुळे ड्रेनेजही सांभाळणाऱ्या पाणी कंपनीची माणसं आल्याशिवाय वीट हलणार नव्हती. तपासायला जोआन नावाची बाई आली. सामाईक लाइनचं चेंबर घराच्या आत चालणार नाही, यावर ती ठाम होती. पण उताराच्या बाजूला, सरळ रेषेत, जवळच दुसरं चेंबर असेल तर हे काढून टाकून मधे सलग पाइप घालता येईल. ते चेंबर उघडून दाखवा, मग माझी ना नाही, असं सांगून ती गेली.

थेल्मा मागच्या गल्लीतून चालत निघाली आणि भिंतींवरून एकेका अंगणात डोकावत गेली. ही घरं खाण कंपनीने एकाच वेळी, एकाच नकाशावर बांधलेली. दर दोन घरांमागे एक चेंबर. एक घर सोडून, एक घर सोडून झाकणं दिसत गेली. फक्त उताराच्या बाजूला एक घर सोडून राहणाऱ्या नॉर्मन टेलफरकडे झाकण असायला हवं तिथे लीकचा वाफा होता.

आता त्या गावात लीक ही भाजी नव्हे. कांद्याच्या पातीचा हा मनगटाएवढा जाड भाऊबंद सप्टेंबरात खाणकामगारांच्या क्लबातल्या प्रदर्शनात मांडतात. दोन सारख्या लीकची जोडी लागते, आणि कुठलं खत घातलं ते माणूस बायकोलाही सांगत नाही. नॉर्मन दरवर्षी पहिला यायचा आणि राल्फ दुसरा.

नॉर्मन वाफ्यात गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने पानं पुसत होता. थेल्माने सरळ विषय काढला. इथे माती आहे, बाकी काही नाही, असं तो म्हणाला. प्रदर्शन पंधरवड्यावर आलंय, फावडं लावू देणार नाही, असंही म्हणाला. पण 'चेंबर' शब्द ऐकताच त्याची नजर एका लीकवर गेली होती, आणि ते थेल्माच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिला एकदम उमगलं. हा फावड्याला भीत नाही, लोकांना भितोय. जुन्या विटांचं, भेगांतून झिरपणारं चेंबर, त्यावर याचे पहिल्या नंबरचे लीक. क्लबात कळलं तर हसून हसून मरतील.

"नॉर्मन," ती वाफ्याच्या कडेला बसत म्हणाली, "राल्फला हे ठाऊक आहे. फार पूर्वीपासून. मला म्हणाला होता, मी थट्टाच समजले. म्हणे, त्याच्या लीकला अख्खी आळी जेवू घालते, मी एकटा कुठवर पुरा पडू."

नॉर्मनचं फडकं थांबलं. "मग क्लबात बोलला नाही कधी?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, खत गटार देईल, पण पहाटे उठून पानं पुसायला माणूस लागतो. मला त्याला घरी आणायचंय रे. एवढंच."

नॉर्मनने बाही वर केली, मनगटापर्यंत मातीत हात घातला आणि जोडीतला एक लीक अलगद, मुळांसकट उपटला. जोडी मोडली. थेल्माला रडू आवरलं नाही, आणि तिने ते आवरलंही नाही. खाली हाताने माती सारली तर गंजलेलं लोखंड.

जोआनने पहार लावून झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि मान डोलावली. डेरेकने सलग पाइप घातला, कोबा केला, फरशी बसवली. क्लबात नॉर्मनने एकटा लीक टेबलावर ठेवला आणि दुसरा का नाही, खाली काय होतं, ते स्वतःच उभं राहून सांगितलं. लोक हसले खरे. मग बियर त्याच्यापुढे कुणी ठेवायची यावरून भांडले.

राल्फ घरी आला त्या दुपारी भिंतींवर अख्खी आळी रेलली होती. नॉर्मन आपल्या अंगणात उघड्या चेंबरवर वाकून उभा. थेल्माने राल्फला धरून नव्या संडासात नेलं. त्याने चांगल्या हाताने फ्लश दाबला. पाणी खळखळत गेलं, आणि क्षणभराने पलीकडून नॉर्मनचा आवाज आला, "आलं रे राल्फ, झकास आलं!" आळीने टाळ्या वाजवल्या. थेल्माची छाती अभिमानाने भरून आली. राणीच्या हातून पदक मिळालं असतं तरी तिला एवढं वाटलं नसतं.

राल्फचे ओठ हलले. शब्द जड पडत होते, म्हणून ती जवळ वाकली.

"थेल्मा," तो म्हणाला, "आता बाहेर जा आणि दार लाव."

हॉस्पिटलात इतके महिने त्याच्यासाठी कुणी दार लावलं नव्हतं. थेल्मा बाहेर आली, तिने दार ओढून घेतलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज ऐकत ती हसत उभी राहिली.