पांढऱ्याच्या जागी

पट्टी जिथल्या तिथे होती. जस्ताची, बोटभर लांब, एका कोपऱ्यात वाकलेली, आणि तिच्यावर आईने खिळ्याने कोरलेलं अक्षर — 'पांढरा'. पण पट्टीमागच्या कमरेएवढ्या पात्यांतून आज सकाळी जे उमललं होतं ते जांभळं होतं. एक नव्हे, पाच. तळहाताएवढी चपटी जांभळी फुलं, आणि पांढरं औषधालाही नाही. हातातला चहा न पिता ती तशीच उभी राहिली, चपला ओल्या मातीत हळूहळू रुतत होत्या, आणि मनात पहिलं आलं ते हे, की पट्टी तेवढी ठेवली बाईने... म्हणजे माझ्या लक्षातच येणार नाही असं वाटलं की काय! म्हणे, ताईला आता कुठे काय दिसतंय!

बाई म्हणजे धाकटी बहीण. दुसरं कोण असणार?

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे घराची किल्ली धाकटीकडे होती. अजूनही आहे. 'असू दे गं ताई, पडलीबिडलीस तर?' असं म्हणून ठेवून घेतली. तीन आठवडे रोज येऊन बागेला पाणी घातलं म्हणे. अगं, पाणी? बागेचा हा खालचा कोपरा बारा महिने ओला, वरच्या दोन घरांचं पाणी इथेच येऊन थांबतं, गुलाब कुजले, लिंबू कुजलं, म्हणून तर आईने इथे जपानी आयरिस लावले, ज्यांना पाय चिखलातच हवे असतात. तिथे तू पाणी कसलं घालतेस? पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरत होतं... आणि फावडं. फावडं मागच्या दाराच्या उजवीकडे टेकवलेलं असतं. मी दवाखान्यातून आले तेव्हा ते डावीकडे होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण विसरलेही नाही.

आणि कारणही होतं. आई गेल्याला चार वर्षं झाली, तेवढ्यात तीनदा मागून झालं होतं तिचं — 'ताई, पांढऱ्याचं एक कांडं दे ना, आईची आठवण म्हणून.' आणि मी दर वेळी म्हणाले होते, पुढच्या वर्षी. का, तर... आईचं शेवटचं दुखणं मी काढलं, अंथरूण-पांघरूण, भांडी, औषधं सगळं मी, आणि ही रविवारी फळं घेऊन यायची नि आई हिलाच म्हणायची, किती दमलीस गं. मग एक फूल तरी माझं एकटीचं असू दे की! तोंडावर अर्थात वेगळं सांगितलं. तुझ्याकडची माती चुनखडीची, तिथे हे महिनाभरसुद्धा जगायचं नाही. ते खरंही होतं, म्हणून बोलायला जड गेलं नाही.

आज गुरुवार. गुरुवारी चारला धाकटी चहाला येते. ठरलं तर. 'किल्ली ठेव टेबलावर, आणि आता येत जाऊ नकोस.' एवढंच बोलायचं, वाढवायचं नाही, भांडायचं नाही. वाक्य तिने केस विंचरताना म्हणून पाहिलं, मग रस्त्यावर चालताना, आणि चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलताना ते इतकं पाठ झालं होतं की गिऱ्हाइकाला नमस्कार करायच्या जागी तेच तोंडातून निसटलं असतं.

गिऱ्हाईक ट्रकवाला होता. परवान्यासाठी नंबर तपासायचा होता. फळ्यावरची खालची ओळ त्याने धाडधाड म्हणून दाखवली, आणि ती शांतपणे म्हणाली, "आता तीच ओळ उलटी वाचा. शेवटाकडून." झालं. माणूस अडकला. कान लाल झाले. सव्वीस वर्षांत असे किती पाहिले... खुर्चीत बसायच्या आधी अक्षरं पाठ करून येतात, आणि समजतात की काउंटरमागच्या बाईला कळत नाही. धाकटीनेही हेच केलं होतं. नऊ वर्षांची असताना, शाळेतल्या तपासणीत, माझ्यामागे उभी राहून ऐकून ऐकून पाठ. आणि मी बाईंना सांगितलं, हिला उलटं विचारा. धाकटीला चष्मा लागला. घरी आल्यावर आई माझ्यावरच चिडली — तुला गं काय करायचं होतं? आज इतक्या वर्षांनीही ते विसरलेले नाही. खोटं तिने बोलायचं आणि बोलणी मी खायची!

"जपून," शेजारची कॅशवरची म्हणाली. "दांडी मोडाल. कुणाचा राग काढताय त्या चष्म्यावर?"

"कुणाचा नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुढचं बिल फाडलं.

दोनला घरी आली तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती, की नुसतं बोलून भागायचं नाही. धाकटी रडेल. आणि ती रडली की मीच वाईट. पुरावा हवा. झाड उपटून दुसरं लावलं असेल तर मातीत फावड्याची कड दिसेल, तुटलेली मुळं दिसतील. तिने बुटकं स्टूल चिखलात रोवलं, दुखरा पाय सरळ पुढे काढला आणि जांभळ्या फुलांच्या मुळाशी खुरपं घातलं.

कड कुठेच नव्हती. मुळं मुळांत गुंतलेली, न विंचरलेल्या केसांसारखी, वर्षानुवर्षांची. तिने बोटांनी सोडवत सोडवत आत हात घातला, आणि बेटाच्या मधोमध जुना कंद सापडला. हाताला लागताच बोट आतच गेलं. पोकळ. तपकिरी, कुजका, वासही गेलेला. त्याच्याभोवती पंधरा-वीस तरणी रोपं, प्रत्येकाची मुळं स्वतःची, आणि मध्ये मध्ये चिखलात काळी पडलेली, तीन फाकांत उललेली बोंडं. एका बोंडाला अजून दोन चपट्या बिया चिकटून होत्या.

आई कात्री घेऊन फिरायची. फुलं उतरली की रोज. 'देठ छाटायचा, बोंड धरू द्यायचं नाही. बी पडलं की तिथेच रुजतं, आणि बियांची पोरं आईवर जात नाहीत. दांडगी निघतात, आईलाच खातात.' आणि दर तीन वर्षांनी बेट फोडायची, कांडी वाटून टाकायची. 'वाटलं नाही तर मधूनच मरतं गं हे.' मी ऐकत होते. तेव्हा मी दूध तापवत होते, पण ऐकत होते.

आई गेली त्याच आठवड्यात पांढरी फुलं उतरली होती, आणि हातात कात्री घेऊन मी इथवर आले होते आणि परत गेले होते. धीरच झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग ती जणू रीतच झाली, आईच्या फुलाला कात्री लावायची नाही... आणि मागच्या वर्षी कडेला दोन जांभळी आली होती. आली होती. मी पाहिली होती. पाहून, चहा संपवून, आत गेले होते.

म्हणजे कुणीच काही केलं नाही. मीच. तिला वाटलं, आता हायसं वाटेल, बहीण चोर नाही. हायसं वाटलं नाही. कारण मग पांढरं कुठेच नाही, कुणाकडेच नाही, आईच्या हातचं ते आता जगात नाही. 'टबात ठेवीन गं,' धाकटी म्हणाली होती, तिसऱ्यांदा मागताना, 'पावसाचं पाणी साठवून घालीन, चुना लागूच देणार नाही.' आणि मी काय म्हणाले? पुढच्या वर्षी.

फावडं डावीकडे होतं.

ती स्टुलावर ताठ बसली. होतं ना? डावीकडे होतं, मी स्वतः पाहिलं. मग का होतं? तिने कुजका कंद पुन्हा हातात घेतला, चिखल पुसला, सगळीकडून बोट फिरवलं. एका बाजूला कड सरळ होती. सुरीने कापल्यासारखी... की कुजून कुजून तशी झाली होती? चष्मा पुसला, कंद उजेडाकडे धरला. सांगता येईना. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे नंबर काढणाऱ्या बाईला सांगता येईना.

पुढच्या दारात किल्ली फिरली.

"ताई! अगं गुडघा!" धाकटी मागच्या दारातून जवळजवळ पळतच आली. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आणि हे काय, सगळं उकरून ठेवलंस?"

"मी दवाखान्यात होते तेव्हा तू फावडं घेतलं होतंस."

धाकटी थांबली. उकरलेल्या बेटाकडे पाहिलं, जांभळ्या फुलांकडे पाहिलं, आणि चष्मा बोटाने नाकावर वर सरकवला.

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. इथलं काही नेलं होतंस का? एखादं कांडं?"

"मी कशाला नेऊ, ताई? तू नको म्हणाली होतीस ना."

आवाज सरळ होता. पाठ केल्यासारखा सरळ. हाच आवाज मी नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकला होता, आणि सकाळपासून याच आवाजाला पकडायला मी टपले होते... पकडायचं नाही मला. उलटं विचारायचं नाही. तिच्या नखांत माती दिसते का पाहत, मांडीवरचा पोकळ कंद दोन्ही हातांनी धरून, मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणत होते, खोटं बोलत असावीस गं बाई, एवढं एक खोटं बोलत असावीस.