एकोणीस पिवळ्या टाचण्या

चंद्रावर चालून आलेला तो अंतराळवीर म्हातारपणी झोपेतच गेल्याची बातमी टीव्हीवर लागली आणि सासूबाईंनी टीव्ही बंद केला. दुःखाने केला असता तर मी समजले असते. पण त्यांनी रिमोटसुद्धा उशीखाली घातला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

त्याचा चंद्रावरचा पोशाख इथे अमेरिकेत ज्या कारखान्यात शिवला, तिथे सासूबाई तरुणपणी मशीनवर होत्या. डावा गुडघा त्यांच्या हातचा. दुसरी कोणी असती तर गल्लीभर सांगत सुटली असती. यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्याने सांगितलं, तेही लग्नाला सात वर्षं झाल्यावर.

आठवडाभर वार्ताहरांचे फोन येत होते. "राँग नंबर," म्हणून त्या ठेवून द्यायच्या. कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की होतं. त्या अंतराळवीराचा तरुणपणीचा फोटो मी पेपरात नीट पाहिला. देखणा होता. सासऱ्यांचा फोटो भिंतीवर आहेच, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

शनिवारी मी एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करत बसले होते, तर दारात एक मुलगी. हातात मोठं चपटं पाकीट.

"ताई, मी संग्रहालयातून आले. जुने कपडे जपायचं काम करते."

हल्ली कोण काय विकायला येईल सांगता येत नाही. मी तिचं ओळखपत्र मागून-पुढून पाहिलं.

"पोशाखाचा एक्सरे काढलाय," ती म्हणाली. "चंद्रावर पुन्हा माणसं जायची तयारी चाललीय ना, नवे पोशाख करणाऱ्यांना जुन्या शिवणी बघायच्यात. आजींना थोडं विचारायचं होतं."

आतल्या खोलीतला खोकला एकदम थांबला.

"आई घरात नाहीत," त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले.

"आहे मी!" आतून आवाज आला. "तिला बसव. आणि तू आत ये."

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याची एक डबी.

मी दार लोटलं. "आई, खरं सांगा. त्या माणसाशी तुमचं काही..."

"तोंड सांभाळ! मालिका बघून डोकं फिरलंय तुझं." मग आवाज खाली आला. "सकाळी आम्हाला मोजून वीस टाचण्या मिळायच्या. प्रत्येकीचा रंग वेगळा, माझा पिवळा. संध्याकाळी मोजून वीस परत. कपड्यात एक जरी राहिली आणि आत टोचली, की हवा गळणार आणि माणूस तिकडेच राहणार. एका संध्याकाळी माझ्या एकोणीसच भरल्या."

"मग सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. तुझा नवरा पोटात, तुझे सासरे अंथरुणाला खिळलेले. माझ्या पर्समध्ये घरची एक होती, पिवळ्याच डोक्याची. ती मिसळली. सुपरवायझरने वीस मोजल्या. पुढे तपासणीत काही निघालं नाही. तेव्हा ती तिथे होती की नव्हती, देव जाणे."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"तो चंद्रावर चालत होता तेव्हा जग त्याच्या पावलांकडे बघत होतं. मी गुडघ्याकडे. परत आल्यावर तो कारखान्यात आला, एकेकीचा हात हातात घेऊन आभार मानले. मी संडासात जाऊन बसले."

बाहेर आलो. मुलीने फिल्म खिडकीच्या काचेला लावली. करड्या शिवणींच्या मधोमध एक बारीक रेघ, तिला गोल डोकं.

"आम्हाला वाटलं, मुद्दाम ठेवलेलं काही असेल," मुलगी म्हणाली आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघू लागली. आता संशय तिला.

"आईंना आठवत नाही हो आता काही," मी घाईने म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात बाजूला केला. "टाचणी आहे. माझी." आणि त्यांनी सगळं सांगितलं, पर्समधल्या टाचणीसकट. "टोक कुठे आहे?"

"बाहेरच्या बाजूला, आजी. हवा धरणाऱ्या थरापासून चार पदर लांब."

"नीट बघ."

"बाहेरच आहे."

"तुझं काय, म्हातारीचं मन राखशील. सूनबाई, तू बघ."

मी पाहिलं. टोक बाहेरच होतं. तरी त्यांनी स्वतःचं भिंग आणून पाहिलं. बराच वेळ.

"टोक बाहेर ठेवायची सवयच होती हाताला," त्या म्हणाल्या आणि पदराने भिंग पुसत राहिल्या. भिंग स्वच्छच होतं.

"काढणार का ती?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही. शिवण उसवावी लागेल. राहील तिथेच. फलकावर काय लिहू?"

"खरं ते लिही. आणि नव्या पोशाखवाल्या पोरींना आधी तेच दाखव."

मुलगी गेल्यावर सासूबाईंनी डबी उघडली. कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकीला आपापल्या टाचण्या आठवण म्हणून मिळाल्या होत्या. त्यांनी बोटांनी चाचपून जरा मोठ्या डोक्याची एक वेगळी काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव." मग झाकण लावलं. आत एकोणीस.

रिमोट उशीखालून निघाला. त्या अंतराळवीरावरचा कार्यक्रम त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

हल्ली शिवलेला कपडा पिशवीत घातला की आतून हाक येते, "टाचण्या?"

"पूर्ण आहेत, आई."

तरी त्या उठून येतात आणि स्वतः मोजतात.