दुसरीच्या नावाचा कागद

१९९६ सालच्या त्या मंगळवारी धारूरच्या बाजारगल्लीत वच्छलाबाई खाटेवर पापड वाळत घालत होत्या. दाराशी सरकारी दवाखान्यातली रोहिणी येऊन थांबली. बी.एस्सी. होऊन ती महिन्यापूर्वीच कामावर लागली होती. साखरेचे जे रोगी औषध न्यायला येईनासे होत, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारायचे, हे तिचे काम.

"वच्छलाबाई आहेत का? वय एकोणीस. दोन वर्षं इन्सुलिन चालू होतं, दोन महिने झाले, न्यायला कुणी आलं नाही."

"मीच वच्छला," बाई हसल्या. "एकोणीसची तर माझी नात होईल आता! अन् सुई म्हणशील तर मी दवाखान्याची पायरी चढले न्हाई आजवर."

रोहिणीने कागद पुन्हा पाहिला. नाव तेच, गल्ली तीच. सोबत आलेला नातेवाईक : सिद्धलिंग.

वच्छलाबाईंचे हसू मावळले. सिद्धलिंग त्यांचा सख्खा भाऊ. महिन्यापूर्वीच त्याची एकोणीस वर्षांची रुद्राणी लग्न होऊन उमापूरला गेली होती.

सिद्धलिंगचे किराणा दुकान चार घरे पलीकडेच होते. "हे इन्सुलिन कुणासाठी नेत होता?" रोहिणीने विचारताच त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिले.

"हळू बोला बाई. पोरीला साखर हाय म्हणल्यावर सोयरीक कोण करतंय? समदेच झाकत्यात. कुणी फेफरं झाकतंय, कुणी कोड. म्हणून बहिणीच्या नावावर कागद काढला."

"आणि आता इन्सुलिन?"

"सासरी सुई कशी टोचावी? तिला सांगितलं, डॉक्टरनं बंद केली, तू बरी झालीस. शक्तीच्या गोळ्या दिल्यात की संगं."

"गोळ्यांनी भागत नाही, काका. त्या सुईवर तिचा जीव आहे."

आतल्या दारातून त्याची बायको नीलाबाई बाहेर आली.

"बरी झाली, असं तुमी मलाबी सांगितलंत," ती म्हणाली. मग रोहिणीकडे वळली. "सकाळीच जावयाचा फोन आलता. लई उलट्या, धाप लागलीय, गेवराईला खासगी दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरनं फोनवरच ह्यांना इचारलं, आधीची काही बिमारी? हे म्हणले, काही न्हाई, पाळणा हलायची चाहूल असंल."

"सलाईन लावलंय का? कसलं?"

"ग्लुकोजचं म्हणत होते."

रोहिणीचा चेहरा उतरला. "मावशी, तिच्या अंगात आधीच साखर मावत नाही. वरून साखरच चढवतायत. आत्ता फोन करा."

नीलाबाईने फोन ओढला. सिद्धलिंगने तिचे मनगट धरले.

"नीले, धाकटीचा इचार कर! तिची बोलणी चालल्यात. दुकानात माणसं हायती."

"थोरली मरंल तवाबी माणसंच येतील," नीलाबाई म्हणाली आणि हात सोडवून घेतला. फोन लागल्यावर तिने साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे सांगितले, "डॉक्टरसाहेब, मी रुद्राणीची आई. माझ्या लेकीला साखरेची बिमारी हाय. दोन वर्षं सुई होती. हिच्या बापानं बंद केली."

बाकीचे, म्हणजे किती डोस होता, कधी थांबला, ते रोहिणीने कागद पाहून सांगितले.

तिसऱ्या दिवशी गेवराईच्या दवाखान्यात रुद्राणी शुद्धीवर आली. उशाशी आई होती, पायथ्याशी रोहिणी. खोलीच्या दारात नवरा वीरेश उभा होता, पण आत आला नव्हता.

"आमाला फसवलं तुमी," तो सासऱ्याला म्हणत होता. "घेऊन जा तुमची पोरगी." आणि सिद्धलिंग वाकून त्याचे पाय धरू पाहत होता.

"त्यांचे पाय कावून धरता, अप्पा?" रुद्राणी पडल्या पडल्या म्हणाली. "त्यांना तुमी नुसती बिमारी सांगितली न्हाई. मला तर मरण दिलंत अन् म्हणलात, बरी झालीस. मी मारुतीला नारळ फोडून आले होते, अप्पा."

वीरेश निघून गेला.

रोहिणीने नवा कागद काढला. "आता खरं नाव घालते."

"वच्छलाच राहू द्या, बाई," सिद्धलिंग पुटपुटला. "धाकटीचं होईपर्यंत तरी."

रुद्राणी बापाकडे बघत राहिली. तिने त्याला लहानपणापासून पाहिले होते. आज ओळख लागत नव्हती.

"लिवा ताई," ती म्हणाली. "रुद्राणी सिद्धलिंग, धारूर. अन् अप्पा, धाकटीला बघायला पाव्हणे आले की पोहे मीच घेऊन येणार हाय. बाही वर करून. सुयांचे वण दिसू द्या त्यांना. तरीबी जो पोहे खाईल, त्याच्याच घरी तिला द्यायची."